बिनसांध्याची खोली

१

पडेगावात दौलताबाद रस्त्यापासून जरा आत गेलं की संघपालचं घर लागतं. पुढं राहायच्या खोल्या, मधे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या छताची विटांची एकच खोली. तिला घरातले सगळे कारखाना म्हणतात. एका खोलीला कारखाना म्हणायला कुणाच्या बापाचं काही जात नाही, आणि ऐकणाऱ्यालाही जरा बरं वाटतं.

या कारखान्यात मूर्ती बनतात. बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या, सगळ्या फायबरच्या. संघपालचे वडील अप्पाराव जन्मभर हेच करत आले. आधी मातीत, मग सिमेंटात, आणि केस पांढरे झाल्यावर फायबरमध्ये. आता संघपाल साचे भरतो आणि गिऱ्हाईक सांभाळतो, त्याची बायको रत्नमाला रंग देते, आणि अप्पाराव स्टुलावर बसून मूर्तींचे चेहरे पॉलिश पेपरनं घासतात. त्यांच्याइतका गुळगुळीत चेहरा कुणाला जमत नाही, हे संघपालही कबूल करतो. तो सहसा काही कबूल करत नाही.

फायबरचं एक नाटक असतं. रेझिन नावाचं मधासारखं दाट रसायन, त्यात हार्डनर मिसळायचा, काचेच्या धाग्यांच्या मॅटवर ब्रशनं बसवायचं, मग ते हळूहळू धरतं आणि दगडासारखं होतं. पण त्याला ऊब लागते. कडाक्याची थंडी पडली की ते रुसून बसतं, दोन-दोन दिवस हाताला चिकट लागतं. यंदा पौषात अशी थंडी पडली की अंगणातल्या हौदात हात घालवेना. त्यातच खुलताबादकडच्या एका गावानं विहारासाठी उभी बुद्धमूर्ती सांगितलेली, माघ पौर्णिमेला बसवायची. मग संघपाल गॅसवरचा हीटर घेऊन आला, लोखंडी जाळीचा, पेटला की लालबुंद होणारा.

रत्नमालानं आधी कपाळाला हात लावला, आणि मग पदर खोचला. ती खुलताबादची. तिच्या माहेरच्या गल्लीत एक जोडपं थंडीत पेटती शेगडी खोलीत घेऊन, दारं-खिडक्या लावून झोपलं, ते सकाळी उठलंच नाही. त्या बाईनं आदल्या संध्याकाळी रत्नमालाला बोरं दिली होती. तेव्हापासून बंद खोलीतल्या आगीची तिला जी दहशत बसली ती बसलीच. तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं की हीटर लावायचा तर माझ्या पद्धतीनं, नाहीतर मूर्ती अंगणात उन्हाला धरा.

तिची पद्धत अशी. टाकी खोलीत नाही, भिंतीच्या बाहेर, पत्र्याच्या आडोशाला, उभी. नळी नवी, भिंतीतून आत घेतलेली. रोज सकाळी जोडावर साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडा आला तर काडीला हात लावायचा नाही. रेझिन कालवायचं ते बाहेर अंगणात, कारण त्याच्या वाफेलाही आग धरते. खोली आधी तापवून घ्यायची, हीटर बंद करायचा, मगच माल आत न्यायचा. खिडकी चार बोटं उघडी. आणि गॅस जड असतो, खाली साचतो, म्हणून मागच्या भिंतीत जमिनीलगत दोन विटा काढून भोक ठेवलेलं. आत मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही; बुद्धवंदना करायची ती घरात. निघताना टाकीचा रेग्युलेटर बंद.

संघपाल म्हणाला, "तू तर बॉम्ब सांभाळू राहिली जसं काही."

"मग काय हाय ते?" रत्नमाला म्हणाली.

अप्पारावांना मात्र हीटर फार आवडला. त्यांचे हात बाराही महिने गार. ते स्टूल दारामागच्या कोपऱ्यात ओढून घेत, मफलर गुंडाळत, आणि चेहरे घासत तिथंच दिवस काढत. जेवायला चार हाका माराव्या लागत.

२

एका सकाळी रत्नमाला साबणाचं पाणी घेऊन मागच्या भिंतीकडं गेली. नळी ठीक, जोड ठीक. सवयीनं तिनं खाली वाकून विटांच्या भोकाला हात लावला, की आतली ऊब बाहेर येते का. हात आत गेलाच नाही.

भोक बंद होतं. कुणी चिंधी कोंबली असती तर तिला काही वाटलं नसतं, थंडीत माणूस तसं करतो. पण तिथं मॅटचा तुकडा बसवून त्यावर रेझिन फिरवलेलं होतं, आतून, अगदी काठोकाठ. सुकून कडक झालेलं. टकटक केलं तर मूर्तीसारखं वाजलं.

तिनं संघपालला उठवलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. जीव नको झालाय का, गॅस वाचवायचा तर तसं सांगा, हीटरच विकून टाकू. संघपाल डोळे चोळत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मी नाय केलं. तुझी आन."

मग दोघांनी अप्पारावांकडं बघितलं. साचेवाल्या माणसाला उघडा सांधा बघवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साच्याचे दोन भाग जुळवले की मधली फट बंद करावीच लागते, नाहीतर माल बाहेर झिरपतो, हवा शिरते, मूर्तीला बुडबुडे येतात. जन्मभर फटी बुजवलेला माणूस. जेवणाच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसलं तरी त्यांचा हात आपोआप तिकडं जायचा. सुनेनं मुद्दाम ठेवलेलं भोक त्यांच्या डोळ्यांत सलत असणारच.

अप्पाराव रागावले नाहीत. काठी टेकत खोलीत आले, खाली बसले, त्या जागेवर बोटं फिरवली. मॅटच्या पट्टीच्या शेवटाला अंगठा दाबून जरा बाजूला ओढायची त्यांची एक लकब होती. ती खूण तिथं होती.

"काम माझ्या हातचं हाय," ते म्हणाले. "पर मी केलं नाय, रत्ना."

त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. जरा कौतुकच होतं, चांगलं काम बघून वाटतं तसं. रत्नमालानं छिन्नी-हातोडी आणली आणि भोक पुन्हा मोकळं केलं. म्हातारपण आहे, विसरले असतील, असं तिनं मनाला सांगितलं. त्या दिवशी तिनं वरणात मीठ दोनदा टाकलं.

३

पुढच्या आठवड्यात खिडकी गेली. म्हणजे खिडकी जागेवरच होती, पण उघडेना. दोन्ही तावदानांच्या मधली फट, चौकटीच्या चारी कडा, सगळीकडं मॅटची बारीक पट्टी फिरवलेली. काम इतकं साफ की बोट फिरवलं तर कुठं काच संपते आणि कुठं चौकट लागते ते कळू नये. आणि शेवटी अंगठ्याची तीच खूण.

आता रत्नमालानं जवळच्या छावणी भागातून खलीलभाईंना बोलावलं. ते शेगड्या आणि हीटर दुरुस्त करतात. त्यांनी टाकी बघितली, नळी वाकवून बघितली, हीटर पेटवून ज्योत निळी आहे का ते बघितलं.

"भाभी, तुमारा सामान एकदम ठीक है," ते म्हणाले. "मगर कमरा बंद नक्को रखो. बंद कमरे में आग हवा खाती. वास येत नाही, कळत नाही. पहले सर भारी, फिर नींद, फिर आदमी को याद नहीं रहता क्या किया, क्या नहीं."

"याद राहत नाही?"

"कामावर पाहिलंय ना मी. आदमी खुद उठ के कडी लावतो, बाद में बोलता मैंने नहीं लगाई."

रत्नमालाला एकदम हलकं वाटलं. हेच. म्हातारा माणूस दिवसभर हीटरजवळ बसतो, डोकं जड होतं, गुंगीत हात जुन्या सवयीनं चालतो, आणि नंतर आठवत नाही. जे समजतं त्याला तोंड देता येतं. पण हलकं वाटलं तेवढ्यापुरतंच, कारण त्याचा अर्थ असा होता की अप्पाराव रोज थोडे थोडे स्वतःला कोंडून मारत होते, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

तिचा त्यांच्यावर जीव होता. लग्न होऊन आली तेव्हा तिचा हात कापायचा, मूर्तीचे डोळे वाकडे यायचे. संघपाल वैतागायचा. अप्पारावांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. वाकडा डोळा पुसून तिच्या हातात ब्रश पुन्हा द्यायचे, बास. स्वतःच्या वडिलांनी तिला एवढं सांभाळून घेतलं नव्हतं.

निघताना खलीलभाईंनी हत्यारं गोळा केली आणि दारात थबकले. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली. "ये दीवारें पहले से ऐसी थी क्या? इतनी चिकनी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता चपला घातल्या. चहा झालाच होता, पण ते थांबले नाहीत.

त्या दिवसापासून कारखान्याला कुलूप आणि किल्ली रत्नमालाच्या कमरेला. अप्पारावांची खुर्ची तिनं अंगणात उन्हात मांडली. ते लहान पोरासारखे खट्टू झाले.

"तिथं ऊब हाय गं," ते म्हणाले.

"इथं ऊन हाय की."

"ऊन वरून लागतं. तिथली ऊब आतून लागती."

४

संघपाल मूर्तीच्या चौथऱ्याचं माप घ्यायला खुलताबादकडच्या त्या गावी गेला, त्या दिवशी रत्नमाला अप्पारावांना घेऊन छावणीच्या बाजारात गेली. त्यांच्या चष्म्याची दांडी तुटली होती. टाकीचा रेग्युलेटर तिनं स्वतः बंद केला, हीटर विझलेला बघितला, खिडकी छिन्नीनं मोकळी करून उघडी ठेवली, आणि कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली. चष्मा झाला, गरम भजी खाऊन झाली, अप्पारावांनी नव्या चष्म्यातून रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. रिक्षात ते तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. फार दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

घरी आल्यावर तिनं कुलूप काढलं. खोली तापलेली होती. हीटर विझलेलाच होता, हात लावला तर लोखंड गार. पण खोली तापलेली होती.

खिडकी बंद होती. भोक बंद होतं. पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधे जी फट असते, जिच्यातून चिमण्या यायच्या, ती चारी बाजूंनी बंद होती. रत्नमालानं खिडकीच्या पट्टीला बोट लावलं. ते चिकटलं. रेझिन अजून ओलं होतं, आणि कोमट.

ती तिथंच उभी राहिली. डोकं भराभरा चालत होतं. संघपाल मधेच येऊन गेला असेल. पण किल्ली एकच. कौलावरून कुणी उतरलं असेल. पण कौल नाही, पत्रा आहे, आणि पत्रा आतून बुजवलेला आहे. मी स्वतः केलं असेल, जाण्याआधी, आणि मला आठवत नसेल. हा शेवटचा विचार तिनं हात नाकाशी नेऊन तपासला. हाताला भज्यांचा वास येत होता.

तिला भीती वाटली.

अप्पाराव तिच्या मागून आत आले. नव्या चष्म्यातून त्यांनी भिंत न्याहाळली, तळहात फिरवला, बोटं एकमेकांवर चोळली आणि वास घेतला.

"मेनाचं पॉलिश," ते म्हणाले.

"काय?"

"मेन लावलंय भिंतीला. सगळ्या. चांगले दोन हात दिलेत." ते नेहमीच्या सुरात सांगू लागले, जसं शिकाऊ माणसाला सांगतात. "साच्याला आतून लावतात ना. माल धरला की वस्तू अलगद सुटून यावी म्हनून."

रत्नमालानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना बाहेर आणलं. त्यांच्या हातात काही जोर नव्हता, पण खोलीच्या उंबऱ्यावर ते जरा अडखळले, मागं कुणी हाक मारल्यावर माणूस अडखळतो तसे. तिनं ते बघितलं आणि कुणाला सांगितलं नाही.

५

संध्याकाळी संघपाल आला. तिनं त्याला खोली दाखवली. त्यानं खिडकीच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग हट्टी माणूस जे बोलतो तेच बोलला.

"मूर्तीचा पाठीचा भाग अजून धरला नाय. अजून दोन दिवस ऊब पायजे."

"अन् बाबा?"

"बाबांना घरात ठेवू ना."

"ते राहतेत का घरात? डोळा चुकला की तिकडं जातेत. तुमाला मूर्ती पायजे का बाप पायजे, ते एकदा सांगून टाका मला."

तिनं आवाज चढवला नव्हता. संघपाल पायरीवर बसला. त्याला वाढवायला बापाशिवाय कुणी नव्हतं, आई लहानपणीच गेलेली. तो फक्त बोलत नसे. थोड्या वेळानं उठला, शेजारच्या दोघांना बोलावलं, आणि अर्धी ओली मूर्ती उचलून पुढच्या पडवीत आणून ठेवली. पाठ उन्हाला धरेल तेव्हा धरेल. रेग्युलेटर काढला, टाकी उचलून स्वयंपाकघरात नेली, हीटर पडवीत एका कोपऱ्यात उलटा ठेवला. खिडकीची एक काच फोडली. विटांचं भोक फोडलं. दार सताड उघडून त्याला मोठा दगड लावला.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"झालं," रत्नमाला म्हणाली, आणि खरंच झालं होतं. त्या दिवशी अप्पाराव घरात जेवले, पोटभर जेवले. नंतर मूर्तीजवळ बसून तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाले की हिला अजून घासायला पाहिजे, जिवंत माणसाच्या गालाला सांधा नसतो.

६

दोन दिवस काही झालं नाही. मूर्तीची पाठ धरली. तिसऱ्या दिवशी सकाळी संघपाल ती टेम्पोत घालून गावाला गेला, संध्याकाळपर्यंत येतो म्हणून. अप्पाराव अंगणात खुर्चीवर होते, मांडीवर पेपर. रत्नमाला दुपारी हौदावर धुणं घेऊन बसली. मान वर केली की ते दिसत होते. एकदा तिनं चादर पिळली, दोरीवर टाकली, झटकली, आणि चादरीच्या पलीकडं बघितलं तर खुर्ची रिकामी.

कारखान्याचं दार लागलेलं होतं. दगड बाजूला सरकलेला.

ती धावली. दार ढकललं तर ते जरासंच हललं, कडेला ताणल्यासारखा आवाज आला, चिकट. तिनं खांदा लावला. दार निम्मं उघडलं. आत अंधार होता. फोडलेल्या काचेतून जो उजेड यायला हवा तो नव्हता. ऊब इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. मेणाचा वास. समोरच्या भिंतीशी अप्पाराव उभे होते, तोंड भिंतीकडं, हात वर, तळवा भिंतीवर गोल गोल फिरत होता.

"बाबा," ती म्हणाली. ते वळले नाहीत. तिनं कंबरेला विळखा घातला आणि मागं ओढलं. ते आले. विरोध केला नाही, मदतही केली नाही. मूर्ती उचलताना येते तसे सरळ आले. दारातून तिरकं होऊन तिनं त्यांना बाहेर काढलं, अंगणातून नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि त्यांच्या पायाशी मटकन बसून रडली. गेलेच होते. थोडा उशीर झाला असता तर गेलेच होते. ती बोरंवाली बाई तिला आठवली, आणि आपण या वेळी वेळेवर पोचलो याचा तिला एवढा आनंद झाला की छाती दुखली.

"चहा दे," अप्पाराव म्हणाले.

ती हसली, डोळे पुसले, आत गेली. गॅसची टाकी तिथंच होती, ओट्याखाली. तिनं आलं ठेचून चहा केला. बाहेर येऊन कप त्यांच्या हातात दिला आणि बशी पुढं केली, कारण ते बशीशिवाय कधी पीत नसत. त्यांनी बशी घेतली नाही. वाफाळता चहा तसाच तोंडाला लावला.

"भाजलं ना, बाबा."

"नाय," ते म्हणाले.

ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. ते डोळे बारीक करत नव्हते. गालावरच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्या होत्या. तिला वाटलं, उबेनं चेहरा फुलला असेल, बरंच झालं. मफलर मात्र गळ्यात नव्हता. आत राहिला असणार.

तिनं कारखान्याकडं बघितलं. दार तिनं निम्मं उघडं टाकलं होतं. आता ते बंद होतं. दार आणि चौकट यांच्यामधली रेघ तिला दिसेना. पत्रा, लाकूड, वीट, सगळं एकच.

मग आतून कुणीतरी खोकलं.

७

तो खोकला ती ओळखत होती. सकाळी पहिल्यांदा तोच कानावर यायचा, मग गुळण्यांचा आवाज, मग चपला ओढत येणं.

"रत्ना," आतून हाक आली. घाबरलेली नव्हती. दमलेली होती. "रत्ना, दार उघड गं. हवा नाय इथं."

रत्ना तिला एकच माणूस म्हणत असे. नवराही पूर्ण नाव घ्यायचा.

तिनं खुर्चीकडं बघितलं. अप्पाराव चहा पीत होते. त्यांनी कप खाली घेतला आणि कारखान्याकडं मान वळवली, जरा कुतूहलानं.

"कोन हाय गं आत?" त्यांनी विचारलं.

स्टूल, तिला आठवलं. स्टूल दारामागं असतं. मी दार ढकललं, समोर भिंतीशी बघितलं, ओढून आणलं. दारामागं बघितलंच नाही. पण हा विचार पूर्ण व्हायच्या आत दुसरा आला, की गुंगी मला आली आहे. मी त्या खोलीत आत्ता जाऊन आले, श्वास भरून घेतला, आणि खलीलभाई म्हणाले होते तसं डोकं जड होऊन कान वाजत आहेत. बाबा इथं आहेत, माझ्यासमोर. मीच आणलंय त्यांना. आत कुणी नाही.

"रत्ना, माय," आतला आवाज म्हणाला, आणि त्यात आता घरघर होती. "लई गरम होऊ राह्यलं."

बंद खोलीत कोंडलेल्या माणसाचा आवाज ऐकून हिशेब करत बसायचं नसतं. तिनं छिन्नी-हातोडी उचलली आणि मागच्या भिंतीकडं पळाली, विटांच्या भोकाशी, कारण तिथं भिंत सगळ्यांत कच्ची होती. जमिनीवर पोटावर पडून तिनं घाव घातले. मॅटचे धागे बोटांत घुसले. पांढरी फट पडली, मग तुकडा आत पडला. आतून गरम, जड हवेचा झोत तिच्या तोंडावर आला, आणि त्याच्यामागं मंद निळा उजेड, पेटलेल्या गॅसचा असतो तसा. टाकी तर स्वयंपाकघरात होती. हीटर पडवीत उलटा पडला होता.

"बाबा, इकडं या. खाली या, जमिनीवर. तोंड इथं लावा."

आत काहीतरी सरपटल्याचा आवाज झाला. निळ्या उजेडात तिला घडीभर मफलरची कड दिसली, आणि पांढऱ्या दाढीचे खुंट, आणि उघडलेलं तोंड, हवा घेणारं. त्याच्यामागं खोलीभर काहीतरी होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेलं, गुळगुळीत, हळूहळू धरत आलेलं. तिनं तिकडं बघायचं टाळलं. भोकातून एक हात बाहेर आला. म्हाताऱ्या माणसाचा, नखांत रेझिन गेलेला, गार. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

"आहे मी," ती म्हणाली. "सोडत नाय. घ्या हवा. सावकाश घ्या."

हातानं तिची बोटं दाबली. तिला रडू फुटलं, कारण आता तिला कळत होतं की कोणाला बाहेर आणायचं राहून गेलं. आणि लगेच तिला काही कळेनासंही झालं, कारण अंगणात खुर्ची सरकली होती, आणि काठी न टेकता येणारी पावलं कोपऱ्यावरून तिच्यामागं येऊन थांबली होती. कुणीतरी उभं राहून, घाई न करता, बघत होतं. दगडावर कप ठेवल्याचा आवाज आला. मग गुडघे वाकवून खाली बसल्याचा.

"हे भोक काहून ठेवलं?" मागून अप्पारावांच्या आवाजात कुणीतरी हळू विचारलं. "बुजवून टाकू दे मला."

"नाय," रत्नमाला म्हणाली. तिनं हात सोडला नाही आणि मान वळवली नाही. मान वळवली असती तर तिला निवडावं लागलं असतं.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. दार आपटलं, चपला वाजल्या. संघपाल आज खुशीत होता, गावानं मूर्तीला हार घातला होता, सगळ्यांनी चेहऱ्याचं कौतुक केलं होतं, आणि ते ज्याचं त्याला सांगायला तो अंगण ओलांडून येत होता.

"रत्नमाला," त्यानं लांबूनच हाक दिली, "बाबा कुठं हायेत?"

"इथं हाय रे, पोरा," अप्पाराव म्हणाले. तिच्या पाठीमागून म्हणाले, आणि त्याच वेळी भिंतीच्या आतूनही म्हणाले.